पाऊण लिटरचा उन्हाळा

शिक्षकांच्या एका अंकासाठी मला चार प्रश्न आले आहेत. उन्हाळ्यात तुम्ही कुठे जेवता, काय रांधता, काय वाचता आणि मन कशात रमवता. 'खाण्याबद्दल तुमच्याइतकं रसाळ कोण लिहिणार, मॅडम,' असं संपादकांनी खाली जोडलंय. गेल्या वर्षी एप्रिलच्या आधी हे प्रश्न आले असते तर एका बैठकीत चारही उत्तरं लिहून दिली असती, वर चार पानं जास्तीची. कारण मी खादाड आहे, आणि ते कबूल करायला मला कधी लाज वाटली नाही. शाळेत माझ्या डब्याची चर्चा होते आणि माझ्या रागाचीही होते. दोन्ही खरं आहे.

आता उत्तरं लिहायला बसले की चारही ठिकाणी एकच माणूस येऊन बसतो. माझा मोठा भाऊ.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. साकोलीकडे एकोडीला आमचं घर, घरची थोडी धानाची शेती, ती त्यानेच आयुष्यभर केली. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आले. खायला मात्र मला त्यानेच शिकवलं. उन्हाळ्यात लग्नांची पंगत बसली की तो आधी वांग्याच्या भाजीचा रस्सा बोटाने चाखायचा आणि तेवढ्यावरून सांगायचा, आचारी कुठल्या गावचा. माझी पहिली नेमणूक बपेऱ्याला झाली तेव्हा मला करमायचं नाही, म्हणून तो रविवारी दोन बस बदलून यायचा. नदीच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या असायच्या. आम्ही वाडीवाल्याकडून टरबूज घ्यायचो, तिथेच रेतीत बसून बुक्कीने फोडायचो आणि हाताने खायचो. रस कोपरापर्यंत ओघळायचा. घरी नेऊन सुरीने कापलेलं टरबूज त्याला कधीच आवडलं नाही. कुठे जेवता, या प्रश्नाला माझं खरं उत्तर ती रेती आहे.

आणि रांधण्याचं म्हणाल तर कैरीचं पन्हं आहे, अंबाडीचं सरबत आहे, शेताच्या धुऱ्यावरच्या आंब्याचा रस आहे. पण या सगळ्यांच्या वर आमच्या दोघांच्या लेखी पेज होती. तांदळाच्या कणीची पेज. आई सकाळीच शिजवून मातीच्या भांड्यात निववत ठेवायची आणि बारा वाजता शेतावरून आलेल्या माणसाला कांदा आणि कैरीची चटणी देऊन वाढायची. उन्हाळी धानाच्या दिवसांत आम्ही ती गडव्यात भरून बांधावर न्यायचो. पोटात पेज असली की ऊन लागत नाही, असं आई म्हणायची, आणि आम्हाला खरोखरच लागत नव्हतं. 'जेवला का' असं कोणी विचारलं आणि 'पेज झाली' असं सांगितलं की विचारणारा पुढे जायचा. पेज म्हणजे जेवण. यात कोणाला काही शंका नव्हती.

मग भावाच्या किडन्या गेल्या. आधी रक्तदाब होता, तो त्याने अंगावर काढला, मग पाय सुजले, आणि शेवटी आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तेही भंडाऱ्याला. एकोडीहून बसने जायचं, चार तास मशीनला पडून राहायचं आणि तसंच परत यायचं. हिवाळा कसाबसा निघाला. वहिनी जाऊन बरीच वर्षं झालीत, एकुलती मुलगी पुण्याला नोकरीत. सुट्ट्या लागल्या त्या दिवशी मी एकोडीला गेले आणि त्याची पिशवी भरून त्याला शहापूरला घेऊन आले. इथून भंडारा म्हणजे हाकेच्या अंतरावर. भाचीला फोन केला तर ती रडली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्याकडे आहेत म्हणजे आता मला काळजी नाही."

काळजी घ्यायची म्हणजे कशी, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. दवाखान्यातून छापील कागद मिळाला होता. काय खायचं, काय नाही. टरबूज नाही, आंबा नाही, नारळपाणी नाही, चिंच नाही, मीठ जवळजवळ नाही. भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून, मग रांधायच्या. भात चालेल. आणि कागदाच्या तळाशी चौकटीत: चोवीस तासांत द्रव पदार्थ पाऊण लिटरपेक्षा जास्त नको. पाणी, चहा, दूध, ताक, सरबत, सूप, सगळं त्यात धरून. त्याची लघवी जवळजवळ बंद झाली होती. पोटात गेलेलं पाणी बाहेर पडायला मशीनशिवाय वाट नव्हती. मधल्या दिवसांत ते अंगात साचणार, आणि फार साचलं तर फुप्फुसात जाणार. डॉक्टरांनी मला हे नीट समजावून सांगितलं होतं आणि मला ते नीट समजलंही होतं.

मी तो कागद फ्रिजवर चिकटवला. पाऊण लिटरची एक बाटली घेतली, तिच्यावर पेनने रेघा मारल्या, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. चहा दिला की तेवढंच माप बाटलीतून काढून टाकायचं. तिसरीच्या वर्गाला लिटर आणि मिलिलिटर मीच शिकवते. पाण्याने भरलेली भांडी मांडून, एकातलं दुसऱ्यात ओतून, पोरांकडून अंदाज करून घेते. त्यामुळे या कामात मी चुकणार नाही अशी माझी खात्री होती. शेजारणी बघायला यायच्या आणि म्हणायच्या, भावाचं करावं तर असं. मला ते ऐकायला आवडायचं.

भाऊ एकदम ऐकणारा पेशंट होता. ज्या माणसाने आयुष्यभर पंगतीत दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली, तो आता उकळून फेकलेल्या दोडक्याची भाजी खाली मान घालून खायचा. पण पोळी त्याच्या घशाखाली उतरेना. तोंड कोरडं पडलेलं, घास तोंडातच फिरत राहायचा.

"बाई, पेज करतं का?" एक दिवस त्याने विचारलं.

मी फ्रिजवरचा कागद पुन्हा वाचला. भात चालेल. पेज म्हणजे भातच. मीठ घातलं नाही, कैरीची चटणी नखभर, फक्त चवीपुरती. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. त्या दिवशी मला किती आनंद झाला, ते सांगते. सगळ्या गोष्टी नको म्हणायच्या होत्या, त्यात एवढी एकच मी त्याला पोटभर देऊ शकत होते. दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही वेळेला पेज करायला लागले. आईच्या हातची चव यावी म्हणून भंडाऱ्याच्या बाजारातून मातीचं भांडं आणलं.

दुपारी बाहेर डांबर मऊ व्हायचं. कूलरसमोर तो खाटेवर, मी खुर्चीत. मी वाचून दाखवायचे. माझ्याकडे पाककृतींचं एक जुनं पुस्तक आहे, कव्हर निघालेलं, पानं तेलकट. त्याला कथा-कादंबऱ्यांत रस नव्हता, हे आवडायचं. अर्धं ऐकून तो मध्येच दुरुस्त्या सांगायचा, इथे खसखस काहून टाकली, हे शहरातल्या लोकांचं काम. रोज शेवटी म्हणायचा, "सरबताचं वाच."

मी वाचायचे. कोकम, वाळा, बेल, लिंबू. बर्फाचा चुरा घालून उंच ग्लासात द्यावे. तो छताकडे बघत ऐकायचा आणि ओठांवरून जीभ फिरवायचा. काय वाचता, याचं उत्तर हे. मागच्या उन्हाळ्यात मी एका तहानलेल्या माणसाला सरबतांचं प्रकरण वाचून दाखवलं, चांगलं वीसेक वेळा.

मन रमवायला संध्याकाळी क्रिकेट. त्याला सामना आवडायचा, पण दर षटकानंतर थंड पेयाची जाहिरात. बाटली उघडते, फेस येतो, कोणी तरी घटाघटा पितो. तेवढ्यापुरता तो भिंतीकडे तोंड करायचा. नंतर नंतर मी रिमोट हातातच ठेवायला लागले आणि षटक संपलं की चॅनल बदलायचे. पुन्हा लावेपर्यंत एखादा गडी बाद झालेला असायचा. मग तो हसायचा, "तुह्या पायी विकेट जाऊन राहिली."

एवढं सगळं असून त्याचं वजन वाढायला लागलं.

डायलिसिसच्या आधी वजन करतात. दोन वेळांच्या मध्ये जितकं वाढलं, तितकं पाणी अंगात साचलं. त्याचं आधी दीड-दोन किलो वाढायचं, ते तीन वाढलं, मग चार. मशीनवरचा तंत्रज्ञ मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हे चोरून पाणी पितात. सगळेच पितात, यांच्यावर लक्ष ठेवा."

मी म्हटलं, पाऊण लिटरच्या वर थेंब जात नाही. त्याने फक्त मान हलवली. तसं मान हलवणं मला वर्गातल्या पोराचंही खपत नाही. पण काटा खोटं कसं बोलेल? रिक्षात बसेपर्यंत माझं मत झालं होतं.

"भाऊ, खरं सांग. कुठून पिऊन राहिला तू?"

"नाही पेलो, बाई."

"मंग वजन काय हवेनं वाढते?"

"मले काय मालूम. पण मी नाही पेलो."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हे मी इथे सरळ लिहिते, कारण यापुढचं सगळं त्यातून झालं. मी माठ उचलून आमच्या खोलीत नेला. संडासातला मग काढून टाकला, मी नेऊन दिल्याशिवाय पाणी मिळणार नाही अशी सोय केली. आंघोळीला तो जायचा तेव्हा दाराबाहेर उभी राहून नळाचा आवाज ऐकायचे. चूळ भरली की विचारायचे, थुंकली ना? साठीच्या वर गेलेल्या माणसाला. मिस्टर म्हणाले, जरा सबुरीने घे. मी म्हटलं, उद्या काही झालं तर त्याच्या पोरीला काय सांगू, सबुरीने घेतलं म्हणून?

पुढच्या वेळी पुन्हा चार किलो. त्या दिवशी घरी येऊन मी जे बोलले ते सगळं लिहिणार नाही. सुट्टीचा एकेक दिवस तुझ्यासाठी जाळून राहिली आणि तू माझ्याशी खोटं बोलतोस, असं काहीसं होतं. सरबताचं प्रकरण बंद, असंही म्हटलं. ऐकून ऐकून तुला तहान लागते आणि तू चोरतोस. तो खाटेवर बसून ऐकत होता. सुजलेले पाय खाली सोडलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने स्वतःचा एक नेम केला. संध्याकाळी बाटली माझ्यासमोर धरायचा. अर्ध्याच्या वर पाणी तसंच.

"पाह्य, अर्धी वाचवली."

मी म्हणायचे, "हे आधीच केलं असतं तर?" आणि स्वयंपाकघरात जायचे. बाटलीतलं पाणी वाचवतो म्हणून तोंड आणखी सुकायचं, म्हणून तो पेज थोडी जास्त मागायचा आणि थोडी पातळ कर म्हणायचा. एवढं पाणी सोडतोय तर खाऊ दे पोटभर, म्हणून मी आनंदाने वाढायचे. वर आग्रह करायचे.

बुद्ध पौर्णिमेला गावातल्या विहारात खीर होती. एकोडीच्या विहारात तीस वर्षं खिरीचं मोठं गंज त्यानेच ढवळलं होतं, दुसऱ्या कोणाला तो पळी धरू द्यायचा नाही. मी त्याच्यासाठी वाटीत दोन चमचे खीर आणली. दूध कागदावर होतं. म्हणून त्याच्या देखत बाटलीतून दोन चमचे पाणी मोजून बेसिनमध्ये ओतलं. इतकी मी काटेकोर होते. आणि मग दुपारी बारा वाजता मोठा कटोरा भरून पेज वाढली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तो खाटेवर पडूच शकेना. पडला की श्वास अडायचा, उठून बसला की थोडा यायचा. ओठ काळपट पडले होते. मिस्टरांनी गाडी काढली. रस्ताभर तो समोरच्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसला होता. छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता आणि तो आवाज मला पुढच्या सीटवर ऐकू येत होता. मनात अजूनही राग होता, तोही लिहून ठेवते.

दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क लावला, तातडीने मशीन लावायची तयारी सुरू झाली. डॉक्टर विचारत होते, पाणी किती, चहा किती. मी बाटलीचा हिशेब सांगितला, रेघांसकट. ते वैतागून कागदावर लिहीत राहिले. चादर बदलायला एक मावशी आली होती, आमच्याच भागातली, बोलण्यावरून कळत होतं. ती सहज म्हणाली, "जेवते काय हे?"

"पोळी जात नाही. दोन्ही टाइम पेज."

तिचे हात थांबले. "पेज बी पाणीच होय ना, बाई," ती म्हणाली. "एका कटोऱ्यात तांदूळ तरी किती राहते?"

डॉक्टरांनी मान वर केली. मला आधी मावशीचा रागच आला. मग डोळ्यांसमोर ते मातीचं भांडं आलं, मूठभर कणी आणि तिच्यावर मी ओतत असलेलं पाणी, गडव्यावर गडवा. रोज. दोन वेळा. मीच.

मग भावाकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. त्याने मास्क हाताने थोडा बाजूला केला.

"म्हणजे मी चोरून नोतो पेत," तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी आयुष्यभर तो घेऊन निभावलं असतं. राग नव्हता. सुटल्यासारखं झालं होतं त्याला. इतके दिवस काटा सांगतो, तंत्रज्ञ सांगतो, मास्तरीण बहीण सांगते, म्हणून त्याला स्वतःलाच शंका यायला लागली होती, आपण झोपेत उठून पितो की काय. हे त्याने त्या दुपारी मला सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, मशीन सुरू असताना. मी त्याचा हात धरून बसले होते. मी म्हटलं, "चुकलं माह्यं, भाऊ." तो म्हणाला, "तुले काय मालूम. पेज त जेवण होय." मग थोड्या वेळाने, "आता सरबताचं वाचशीन ना?"

पुस्तक घरी होतं. जेवढं पाठ होतं तेवढं मी म्हणून दाखवलं. कोकम आणि वाळा झाला, बेलाचं प्रमाण मला आठवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. फुप्फुसातलं पाणी बरंचसं निघालं होतं, पण हृदयाने इतक्या दिवसांचा ताण सोसला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पेजेमुळेच का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तसं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. चांगले आहेत, म्हणून तसं म्हणाले.

एकोडीला सगळं आटोपल्यावर मी शहापूरला आले आणि पेजेचा तो कटोरा काढला. त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि त्याच्या बाटलीत ओतलं. वर्गात करते तसंच. बाटली भरत आली, मान तेवढी उरली. म्हणजे एका वेळचा एक कटोरा, आणि तेवढ्यात त्याचा अख्ख्या दिवसाचा वाटा संपत होता.

या उन्हाळ्यात मी काही रांधत नाही म्हटलं तर खोटं होईल. घरात माणसं आहेत, वरणभात होतो, आंबे येतात, रस होतो. मी खातेही. चव लागते, आणि लागते याची मला चीड येते. पेज करत नाही. मातीचं भांडं अंगणात पालथं घातलंय.

पण एक गोष्ट राहिली आहे. भाची पुण्याहून आली होती तेव्हा माझ्या गळ्यात पडून तिने विचारलं होतं, "आत्या, शेवटी शेवटी काय खाल्लं बाबांनी?" मी म्हटलं, "पेज." ती रडता रडता हसली. "बरं झालं," म्हणाली, "त्यांच्या आवडीची. तुझ्या हातची खाऊन गेले." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सांगायला तोंड उघडलं होतं, पण सांगितलं नाही. त्यानंतर दर आठवड्याला तिचा फोन येतो. तुझ्यामुळे बाबांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले, असं ती दर वेळी म्हणते आणि मी दर वेळी ऐकून घेते. तिच्या बापाला मी चोर ठरवलं होतं, हे तिला माहीत नाही. त्याने शेवटी अर्धी अर्धी बाटली वाचवून दाखवली होती, हेही माहीत नाही.

उन्हाळ्याबद्दल संपादकांनी चार प्रश्न विचारले होते. त्यांना हवं ते हे नाही, मला कळतं. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. याची एक प्रत मी हाताने लिहून काढली आहे. उद्या पुण्याच्या पत्त्यावर टाकते.